स्त्रीने शिकावं

ख्रिस्ताचा प्रेषित पौल ह्याने लिहिलेली पत्रं बायबलमध्ये आहेत. त्यांतली दोन-तीन वचनं अशी, की उपासनेत वाचणारा त्यांच्यापाशी पोचला की आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका न सांगता पदर सारखा करतात. करिंथकरांस, म्हणजे करिंथ ह्या ग्रीक शहरातल्या मंडळीला, लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय सांगतो, स्त्रीने मस्तक झाकून प्रार्थना करावी. त्याच पत्राचा चौदावा अध्याय म्हणतो, स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावं. तीमथ्य ह्या तरुण सहकाऱ्याला लिहिलेलं पहिलं पत्र त्याच्याही पुढे जातं: स्त्रीने शांतपणे, अधीनतेने शिकावं; तिने शिकवावं किंवा पुरुषावर अधिकार चालवावा ह्याची मी परवानगी देत नाही.

सगळं मिळून पानभर मजकूर होणार नाही. पण आमच्याकडे धडा कोणी वाचायचा, दानाचं ताट कोणी फिरवायचं, प्रभुभोजनाच्या मेजाशी कोणी उभं राहायचं, पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्यावर, कोणी चढायचं, हे पिढ्यान्पिढ्या ह्या पानभर मजकुरानेच ठरवलं. संडे स्कूल बायकांनी घ्यायची. मुलगे दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासद होण्याच्या, वयाचे झाले की त्यांचा वर्ग एखाद्या काकांकडे जायचा. ज्या बाईने त्या मुलाकडून दहा आज्ञा आणि तेविसावं स्तोत्र पाठ करून घेतलं, तिच्याकडून त्याने पुढच्या वर्षी काही शिकणं एकाएकी शास्त्राविरुद्ध कसं होतं, हे मला आजवर कोणी नीट समजावून दिलेलं नाही.

पौल बायकांचा द्वेष करणारा होता, असं म्हणून मोकळं होणारी माणसं मला भेटतात. त्यांच्याबरोबर मी जात नाही. ही पत्रं मी पवित्र शास्त्र म्हणून वाचते, त्यांतल्या कित्येक ओळींनी मला आजारपणात आणि मरणांत सावरलं आहे. आणि जी वचनं माणूस पवित्र मानतो, ती अर्धी वाचून थांबण्याचा अधिकार त्याला उरत नाही.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत बायबलबाई होती. मिशनच्या काळात ह्या बायका घरोघर जायच्या, शास्त्र वाचून दाखवायच्या, जमलं तर बायकांना अक्षरं शिकवायच्या. गावात वाचता येणारी बाई ती एकटीच, त्यामुळे मुंबईच्या गिरण्यांतून नवऱ्यांची पत्रं आली की बायका ती घेऊन तिच्याकडे यायच्या. पत्रात ‘तू म्हणतेस तसं मुळीच करू नकोस’ असं काही आलं की आजी वाचायची थांबायची आणि आधी विचारायची, ‘बाई, तू काय कळवलं होतंस?’ ते कळल्याशिवाय ती पुढची ओळ वाचत नसे. पौलाची पत्रं अशीच आलेली उत्तरं आहेत. करिंथकरांना तो सातव्या अध्यायात सरळच म्हणतो, तुम्ही ज्या गोष्टींविषयी मला लिहिलंत त्यांविषयी. करिंथकरांनी काय लिहिलं होतं ते पत्र आपल्याकडे नाही. आपल्या हाती आहे ते फक्त उत्तर.

म्हणून आधी करिंथाकडे बघावं लागतं. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी जुनं ग्रीक करिंथ उद्ध्वस्त केलं. शंभर वर्षं ते गाव जवळजवळ ओसाड पडलं होतं. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तिथे रोमन वसाहत बसवली. पौल इ.स. ५० च्या सुमाराला तिथे पोचला तेव्हा ते दोन बंदरांचं, व्यापाराचं, बाहेरून आलेल्या माणसांचं शहर होतं. पुलपिटावरून पुष्कळदा एक गोष्ट सांगितली जाते, की करिंथाच्या मंदिरात हजार देवदासी होत्या, त्या डोकं उघडं ठेवून फिरायच्या, म्हणून पौलाने ख्रिस्ती बायकांना डोकं झाकायला सांगितलं. हजारांचा तो आकडा स्ट्राबो ह्या भूगोलकाराचा आहे आणि तो बोलतो आहे ते उद्ध्वस्त होण्याआधीच्या जुन्या शहराबद्दल. पौलाच्या करिंथाशी त्याचा संबंध जोडता येत नाही. तरी ती गोष्ट सुटत नाही, कारण तिच्यामुळे उघड्या डोक्याच्या बाईकडे बोट दाखवणं सोपं होतं.

करिंथाच्या संग्रहालयात ऑगस्टस कैसराचा एक पुतळा आहे. त्यात त्याने टोग्याचा, रोमन पुरुष अंगाभोवती गुंडाळत त्या वस्त्राचा, पदर डोक्यावरून घेतलेला आहे. रोमन पुरुष यज्ञाच्या वेळी असंच डोकं झाकत, आणि शहरातल्या प्रतिष्ठित पुरुषाची ती खूण होती. आता अकरावा अध्याय पुन्हा वाचा. पौल सुरुवात पुरुषांपासून करतो: जो पुरुष मस्तक झाकून प्रार्थना करतो तो आपल्या मस्तकाचा अपमान करतो. हे वचन इतक्या वर्षांत मी एकदाही प्रवचनाचा विषय झालेलं ऐकलेलं नाही. आमच्या गावच्या मंडळीत म्हातारे पुरुष फेटा बांधून यायचे. ज्या मुलखात बोडक्या डोक्याने वडीलधाऱ्यांसमोर जाणं बरं दिसत नाही, तिथे माझे आजोबा प्रार्थना सुरू झाली की फेटा उतरवून मांडीवर ठेवत. पाळकांनी तसं शिकवलं होतं, त्यांनी ते पाळलं. पण चपला मात्र सगळेच दाराबाहेर काढत, आणि ते काही पौलाने सांगितलेलं नव्हतं. मान कसा दाखवायचा हे जागा ठरवते. मान दाखवायचा हे तेवढं कायम राहतं.

मी स्वतः प्रार्थनेला पदर घेते. आईने घेतला, आजीने घेतला, आणि तो घेतला की माझं मन एका जागी येतं. पुण्यात नोकरी करणारी माझी भाची जीन्स घालून, केस मोकळे सोडून उपासनेला येते आणि मी पाहिलेल्या सर्वांत मनापासून प्रार्थना करणाऱ्या माणसांपैकी ती एक आहे. तिच्या डोक्यावर ओढणी टाकायला धावणाऱ्या बायकांना मी थांबवलं आहे, पुढेही थांबवीन. कॅथलिक चर्चमध्ये १९१७ च्या धर्मविधिसंहितेत स्त्रियांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असा नियम होता. १९८३ च्या नव्या संहितेत तो उरला नाही. वसईच्या म्हाताऱ्या बायका तरीही डोकं झाकत राहिल्या आणि त्यांच्या नाती झाकत नाहीत. एका बाकावर दोघी बसतात.

पण डोक्यावरच्या कापडाचीच चर्चा करत राहिलं की ह्या अध्यायातली मुख्य गोष्ट नजरेतून निसटते. पौल म्हणतो, जी स्त्री मस्तक न झाकता प्रार्थना करते किंवा संदेश देते. म्हणजे करिंथाच्या मंडळीत बायका सर्वांसमोर प्रार्थना करत होत्या आणि देवाचा संदेश देत होत्या, आणि पौल त्यांना ते बंद करा असं म्हणत नाही. कसं करा, एवढंच सांगतो. डोकं झाकून गप्प बसायला त्याने सांगितलेलं नाही. डोकं झाकून बोलायला सांगितलं आहे. आणि त्याच ओघात तो हेही लिहून जातो, की प्रभूमध्ये स्त्री पुरुषावाचून नाही आणि पुरुष स्त्रीवाचून नाही. स्त्री जशी पुरुषापासून, तसा पुरुष स्त्रीच्या द्वारे, आणि सगळं देवापासून.

तीन अध्यायांनंतर हाच माणूस बायकांना गप्प बसवतो. हे कसं जुळवायचं? काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचनं ह्या जागी नाहीत, अध्यायाच्या शेवटी आहेत. त्यावरून काही अभ्यासक म्हणतात की ती मुळात पौलाची नसून कोणीतरी समासात लिहिलेली असावीत. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण माझी भिस्त मी त्यावर ठेवत नाही. वचन माझ्या बायबलमध्ये आहे. ते आहे असं धरूनच मला वाचायचं आहे.

तर अख्खा चौदावा अध्याय वाचायला घ्यावा. हा अध्याय बायकांविषयी नाहीच. तो गोंधळाविषयी आहे. करिंथाची मंडळी कोणाच्या तरी घरी जमत असे, आणि तिथे एकाच वेळी चौघे आत्म्याने भारून, ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या अन्य भाषांत बोलत, कोणी गीत सुरू करी, कोणी संदेश देई, दुसरा त्याला मधेच तोडी. पौल त्यांना रांगेत आणतो. तो तिघांना गप्प बसायला सांगतो. अन्य भाषा बोलणारा असेल आणि अर्थ सांगणारा कोणी नसेल, तर त्याने गप्प राहावं. एकजण संदेश देत असता बसलेल्या दुसऱ्याला प्रकटीकरण झालं, तर पहिल्याने गप्प राहावं. आणि तिसऱ्या, बायका. त्यांना काही समजून घ्यायचं असेल तर त्यांनी घरी आपल्या नवऱ्यांना विचारावं. पहिल्या दोघांचं मौन त्या त्या प्रसंगापुरतं आहे हे आपण सहज मान्य करतो. आपली वेळ सांभाळ, दुसऱ्याला बोलू दे, एवढाच त्याचा अर्थ आहे हे कोणालाही कळतं. तिसरं मौन मात्र जन्मभराचं, सर्व काळांसाठीचं आणि सर्व बायकांसाठीचं झालं. एकाच परिच्छेदात एकच सूचना तीनदा आलेली असता तिच्यातली फक्त एक चिरंतन ठरवणं, हे वाचन मला मान्य नाही.

बहुतेक बायकांना त्या काळी शिकायला मिळालेलं नव्हतं. शास्त्र पहिल्यांदाच कानावर पडत होतं. मधेच प्रश्न विचारले जाणार, हे समजण्यासारखं आहे. माझ्या आजीच्या सभांतही ते व्हायचं. ती संध्याकाळी गावच्या पारावर कंदील लावून उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायला लागली की बायका मधेच विचारायच्या, ‘आन् त्याची आई कुठं होती?’ आजीला तो प्रश्न फार आवडायचा. त्या पारावर पुरुषही येऊन बसत, तंबाखू मळत ऐकत. आणि तीच आजी रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, डाव्या बाजूला, बायकांच्या सतरंजीवर, मागच्या रांगेत बसायची. गावाला शिकवायला ती चालत होती, मंडळीला नाही. पारावर ती जे बोलली ते सुवार्ता असेल, तर देवळात ते वेगळं काय झालं असतं?

आता तीमथ्याचं पत्र. हे सगळ्यांत अवघड आहे आणि इथे मी घाई करणार नाही. पुष्कळ विद्वानांच्या मते हे पत्र पौलाने स्वतः लिहिलेलं नाही, त्याच्या शिष्यपरंपरेतल्या कोणीतरी पुढे लिहिलं. तसं असलं तरी मंडळीने ते शास्त्र म्हणून स्वीकारलं आहे, त्यामुळे ह्या वाटेनेही मला सुटका नको.

तीमथ्य इफिस ह्या शहरात होता. पत्राच्या आरंभीच त्याचं काम सांगितलं आहे: काही लोक निराळं शिक्षण देत आहेत, त्यांना ताकीद दे. हे शिक्षक लग्न करू नका म्हणत होते, हे चौथ्या अध्यायात येतं. तरुण विधवा घरोघर जाऊन बोलू नये ते बोलत होत्या, हे पाचव्यात. दुसऱ्या पत्रात असेच लोक घरांत शिरून बायकांना वश करतात असं म्हटलं आहे. म्हणजे अर्धवट ऐकलेलं, चुकीचं शिकवणारी एक लाट त्या शहरात होती आणि बायका तिच्यात पुढे ओढल्या जात होत्या. त्या बायकांविषयी पत्र म्हणतं, स्त्रीने शिकावं.

ह्या दोन शब्दांवरून आपण किती भरभर पुढे जातो! ‘शांतपणे’वर थांबतो, ‘अधीनतेने’वर थांबतो. पण त्या वाक्यातली आज्ञा शिकण्याची आहे. बाकीचं कसं शिकावं ते सांगणारं आहे, आणि गुरूपाशी शिकणारा पुरुष शिष्यही तसाच शांत, अधीन राहून शिकत असे. बेथानीची मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकत होती आणि तिच्या बहिणीने, मार्थेने तक्रार केली, तेव्हा प्रभूने मरीयेला उठवलं नाही. पायाशी बसणं म्हणजे काय हे मराठी माणसाला फोडून सांगावं लागत नाही. पौलानेही आपण गमलिएल ह्या गुरूच्या पायाशी बसून शिकलो असंच म्हटलं आहे. अडाणी ठेवलेल्यांना शिकवा, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. आणि जो शिकतो तो जन्मभर शिकाऊच राहावा असं कोणत्या गुरूला वाटतं?

‘शिकवण्याची परवानगी देत नाही’ हे वाक्य मी गाळत नाही. पण इफिसातच आणखी एक गोष्ट घडली होती. अपुल्लो नावाचा शास्त्रात प्रवीण, वक्तृत्वाने भारलेला माणूस तिथे आला. त्याला फक्त येशूच्या आधी आलेल्या योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विल्ला ह्यांनी त्याला जवळ घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नेमकेपणाने समजावून दिला. हे जोडपं क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोमातून घालवलं तेव्हा करिंथात आलेलं, तंबू शिवणारं. पौल त्यांच्याच घरी राहिला, त्यांच्याबरोबर काम केलं. त्यांच्या घरात मंडळी जमत असे. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकात अपुल्लोची ही हकीकत अठराव्या अध्यायात आहे आणि तिथे कोणी प्रिस्किल्लेला थांबवलेलं नाही. पुढे पौल रोमकरांना लिहिताना ह्या दोघांना ‘माझे सहकारी’ म्हणतो आणि तिचं नाव आधी घेतो. ज्या शहरातल्या बायकांना शिकवू नका म्हटलं, त्याच शहरात एका शिकलेल्या बाईने एका विद्वान पुरुषाला शिकवलं होतं.

विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र मला सांगायलाच हवा. पत्र इथे केवळ इफिसाची स्थिती सांगत नाही. ते आदाम आधी घडवला गेला आणि हव्वा फसली, असं उत्पत्तीचं कारण देतं. माझी एक मैत्रीण ज्या मंडळीत जाते तिथे बायका उपासनेत तोंड उघडत नाहीत. ती ह्याच कारणावर उभी आहे: जे उत्पत्तीपासून आहे ते गावापरत्वे बदलत नाही. तिचं शास्त्राचं वाचन माझ्याहून खोल आहे, आणि तिचं मौन दबलेल्या बाईचं नाही. तिच्याशी बोलताना मी दर वेळी काहीतरी घेऊन येते. तरी मला वाटतं, हव्वा फसली ह्या उल्लेखाचा रोख इफिसाकडेच आहे. हव्वेने देवाची आज्ञा स्वतः ऐकलेली नव्हती. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात ती आज्ञा आदामाला मिळाली तेव्हा हव्वा घडवलेली नव्हती. जिला धडा दुसऱ्याच्या तोंडून मिळाला, ती सर्पापुढे अडखळली. मग तिच्या लेकींना धडा थेट, पुरता शिकवा, हेच त्यातून निघतं. मैत्रिणीला हे पटत नाही. आमची ही चर्चा अजून चालू आहे.

पुढचं वचन म्हणतं, बालकांना जन्म देण्याच्या योगे स्त्रीचं तारण, म्हणजे उद्धार, होईल. हे मी माझ्या मावशीच्या शेजारी बसून ऐकलं आहे. मावशीला मूल झालं नाही. उपासना संपल्यावर ती मला म्हणाली, ‘मग माझं काय गं?’ ह्या वचनाचे अर्थ पुष्कळांनी लावले. कोणी त्यात ख्रिस्ताचा जन्म पाहिला, कोणी बाळंतपणातून सुखरूप सुटका. मला पटतं ते असं, की लग्न नको, संसार नको, त्याने तारण अडतं, असं शिकवणाऱ्यांना हे उत्तर आहे: आई झाल्याने तुमचं तारण अडत नाही. पण हे काहीही न सांगता, एकही वाक्य न जोडता ते वचन मंडळीत वाचून टाकणं ही निष्ठुरता आहे. पाळकाला अर्थ लावायला वेळ नसेल, तर त्या रविवारी त्याने दुसरा उतारा घ्यावा.

दागिन्यांविषयी थोडक्यात. गुंफलेले केस, सोनं, मोती, महागडी वस्त्रं नकोत, असं हेच पत्र सांगतं, आणि आमच्याकडे त्यावरून गजऱ्यांवर, बांगड्यांवर, मंगळसूत्रावर प्रवचनं झाली. मोती आणि महाग वस्त्रं तेव्हा श्रीमंतांकडे होती, आणि मंडळीत गुलामही बसत. शेजारच्या गरिबाला लाज वाटेल असं नटून येऊ नका, ही शिकवण आजही तितकीच खरी आहे, आणि आमच्या लग्नांत ती रोज मोडली जाते. पण त्याच्या लगेच आधीचं वचन पुरुषांना उद्देशून आहे: त्यांनी राग आणि भांडण सोडून पवित्र हात वर करून प्रार्थना करावी. बायकांच्या गळ्यात काय आहे हे जिथे पाहिलं गेलं, तिथे कमिटीच्या निवडणुकीवरून वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ प्रभुभोजनाला शेजारी शेजारी गुडघे टेकत होते. दोन्ही वचनं एकाच श्वासातली आहेत.

हे सगळं आपल्याकडे एका बाईने सव्वाशे वर्षांपूर्वी जगून दाखवलं. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना शास्त्र्यांना तोंड द्यावं लागलं. ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे १८५८ मध्ये रमाबाई जन्मल्या, आईकडून संस्कृत शिकल्या, आणि विशीत कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमला असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात त्यांच्याविषयी वाईट मत होईल. १८८५ मधल्या पत्रात रमाबाईंनी आश्चर्य व्यक्त केलं, की माझ्या आईने किंवा मी तरुण पुरुषांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्याने घेतली नाही, आणि आता काही इंग्रज माणसं घेत आहेत. त्याच सुमाराला त्यांनी वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डीनना कळवलं, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडाखालून मोठ्या कष्टाने सुटल्यावर तसंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. विश्वास त्यांनी सोडला नाही. वचनाचा अर्थ लावण्याचं काम मात्र दुसऱ्याच्या हवाली केलं नाही.

१८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन निघालं, पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा तिथे राहू लागल्या. १९०५ मध्ये तिथे जे आध्यात्मिक जागरण झालं त्यात शेकडो मुली एकत्र, मोठ्याने प्रार्थना करत. त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जात. गप्प राहावं हे वचन त्यांच्याही बायबलमध्ये होतंच. आणि रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, साध्या बाईला कळेल अशा भाषेत. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या बायकाच होत्या. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. करिंथकरांना, तीमथ्याला लिहिलेली ती अवघड वचनं एका बाईने मुळातून वाचून, तोलून, मराठीत उतरवली आणि बायकांनी छापली. ज्या पाळकाने ते बायबल उघडून स्त्रियांनी शिकवू नये असं वाचलं असेल, तो एका स्त्रीकडूनच शिकत होता.

शास्त्रात ह्याचा जुना दाखला आहे. योशीया राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीत नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. त्याचं काय करायचं हे विचारायला मुख्य याजक हिल्कीया आणि राजाचे अधिकारी हुल्दा संदेष्ट्रीकडे गेले. तिने देवाचं वचन सांगितलं आणि सगळं राज्य त्याप्रमाणे हललं.

पौलाला हे ठाऊक होतं. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय बहुतेक नावांचा आहे, म्हणून तो उपासनेत वाचला जात नाही. मी तो वाचावा म्हणून गेली काही वर्षं मागे लागले आहे. त्यात पहिलं नाव फिबीचं, करिंथाजवळच्या किंख्रियाच्या मंडळीच्या सेविकेचं. हे पत्र रोमला बहुधा तिनेच नेलं. म्हणजे रोममध्ये कोणी ‘ह्या वाक्याचा अर्थ काय’ असं विचारलं असेल, तर उत्तर द्यायला तिथे पौल नव्हता, ती होती. मग प्रिस्किल्ला. मग मरीया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, प्रभूमध्ये श्रम केलेल्या. आणि अंद्रोनिकाबरोबर युनिया, प्रेषितांमध्ये नामांकित. चौथ्या शतकातल्या क्रिसोस्टोम ह्या धर्माचार्याने तिची स्तुती केली, की ही स्त्री प्रेषित म्हणवून घेण्याइतकी थोर होती. पुढे काही भाषांतरांनी तिला पुरुष केलं, आणि आता तिचं नाव पुन्हा तिला मिळालं आहे.

चर्च ऑफ साऊथ इंडियामध्ये २०१३ साली नंद्यालला पहिली स्त्री बिशप झाली. आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. कॅथलिक चर्चमध्ये याजकपद पुरुषांचंच आहे, पण २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांना नियमाने खुली केली. नियम बदलले तरी गावच्या मंडळीपर्यंत ते पोचायला वेळ लागतो. मार्चमध्ये जागतिक प्रार्थना दिन असतो, वर्षातून एक महिला रविवार असतो. त्या दिवशी पुलपीट बायकांचं. पुरुष मायेने ऐकतात, नंतर चहा होतो, आणि पुढच्या रविवारी सगळं जिथल्या तिथे.

आमच्या मंडळीतली एक मुलगी देवशास्त्राची पदवी घेऊन आली आहे. ग्रीक शिकली आहे. पॅस्टरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने, तिला संडे स्कूलचा लहान वर्ग दिला. मी कमिटीला पत्र लिहिलं आहे, की तिला महिन्यातून एक साधा रविवार द्यावा, महिला रविवार नव्हे, आणि पहिला उतारा रोमकरांस सोळा असावा, सगळी नावं न गाळता. सोबत अपुल्लोची हकीकत असलेली वचनं लिहून दिली आहेत. मंडळीच्या एका वडिलांनी (एल्डर) मला विचारलं, ‘पण ताई, तीमथ्याच्या पत्राचं काय?’ मी म्हटलं, दुसऱ्या महिन्यात तिला तोच उतारा द्या, आणि तुम्ही पुढच्या बाकावर बसा. त्यांनी हो म्हटलेलं नाही. पण विषय पुढच्या सभेच्या कामकाजात घेतला आहे.